परसातला सॉना, जुन्या सागवानाचा

मुलुंडमध्ये जुन्या इमारती पाडल्या की सागवानी चौकटी, फळ्या, मंगलोरी कौलं बाहेर पडतात. अंगण असेल, तर त्यातून दोघांपुरता सॉना उभा राहू शकतो.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला 14वा अध्याय घाम काढण्याच्या विधींचाच आहे. त्यातल्या जेंताकासाठी मातीने लिंपलेली गोल खोली बांधत. भिंतीलगत ओटा, मधोमध भोकांची मातीची भट्टी, तिच्यात खैराची लाकडं. धूर पूर्ण गेल्यावरच आत जायचं.

आपल्याकडे पहिला शत्रू वाळवी. म्हणून दगडी जोतं हवं. भिंत दुहेरी फळ्यांची करून मधे कोरडं तूस भरावं, मात्र भट्टीपासून लांब. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड आत नको: जुन्या रंगात शिसं असू शकतं, प्लायमधला डिंक तापला की वाफा सोडतो. खिळ्यांची डोकी फळीत खोल ठोका, नाहीतर पाठ भाजते. बाकांवर काळा दगड नको. तो भट्टीवर रचा. तोही भरीव, बिनभोकांचा आणि पूर्ण वाळलेला, कारण आत अडकलेलं पाणी तापून दगड फुटतो.

हवेसाठी एक झरोका भट्टीजवळ खाली, दुसरा समोरच्या भिंतीत वर. दार बाहेर उघडणारं, बिनकडीचं. दाटीच्या वस्तीत धुरापेक्षा विजेचा हीटर बरा. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. सोसायटी आणि महापालिका यांना आधी विचारा. हृदयविकार, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना. वापरानंतर दार उघडं ठेवा. पावसाळ्यात बुरशी लागायला वेळ लागत नाही.