'सुगम्य' ही संज्ञा आणि सार्वजनिक वाहतूक

शारीरिक हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तींसंबंधी मराठीत जे शब्द योजिले जातात, त्यांचे दोन वर्ग पडतात. 'पंगू', 'अपंग' हे शब्द देहातील उणिवेकडे बोट दाखवितात. 'दिव्यांग' हा अलीकडचा शब्द गौरवपर असला, तरी निर्देश अंगाचाच करतो. 'सुगम्य' हे विशेषण मात्र स्थळाला वा वाहनाला लागते. गम् धातूला यत् प्रत्यय लागून 'गम्य', म्हणजे जेथे जाता येते ते, हे रूप सिद्ध होते. येथे उणीव माणसाची नसून वाटेची ठरते.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. २०११ च्या जनगणनेत भारतातील विकलांगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लक्ष नोंदली गेली. त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश व्यक्तींची विकलांगता चलनवलनाची होती. ज्यांना स्वतःचे वाहन चालविता येत नाही किंवा परवडत नाही, त्यांचे शिक्षण, नोकरी व औषधोपचार बस आणि आगगाडी यांवरच अवलंबून असतात.

बसचेच उदाहरण घ्यावे. दाराशी असलेल्या उंच पायऱ्या चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाला भिंतीसारख्या असतात. लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर उंच असतो. थांब्याचा पदपथ १५ सेंटिमीटर उंच असल्यास २५ सेंटिमीटरांचे अंतर उरते. बस दाराच्या बाजूस झुकविण्याची सोय असल्यास ते आणखी घटते, आणि उरलेले उतरत्या फळीने सांधता येते. परंतु त्या पदपथावर चढण्यासच उतार नसेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ होय. १:१२ या मान्य प्रमाणाने १५ सेंटिमीटर चढण्यास १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. तात्पर्य, प्रवास ही साखळी आहे. तिची एक कडी तुटली की प्रवासच खुंटतो. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत विकलांगांसाठी राखीव डबा असतो. तो बसावयास जागा देतो, पण डब्यापर्यंतची वाट देत नाही.

दृष्टिहीन प्रवाशाच्या बाबतीत भाषा हेच गमनाचे साधन बनते. याच गाड्यांत पुढील स्थानकाचे नाव मराठी, हिंदी व इंग्रजीत पुकारले जाते. डोळस प्रवाशाला ही केवळ सोय. दृष्टिहीनाला मात्र तीच खिडकी. ध्वनिक्षेपक बंद पडला, की त्याला दर स्थानकावर शेजाऱ्यास विचारावे लागते.

२०१६ च्या कायद्याच्या ४१ व्या कलमाने अशा सोयींची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तथापि, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले की, २०१७ च्या नियमांतील सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे शिफारशीच्या स्वरूपाची असून मूळ कायद्याच्या बंधनकारक हेतूशी ती विसंगत आहेत. म्हणून बंधनकारक मानके ठरविण्याचा आदेश केंद्राला देण्यात आला. 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांतील अंतर व्याकरणात लहान दिसते. थांब्यावर ताटकळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र ते घर आणि जग यांमधील अंतर असते.