काटा चढला की घाबरू नका!
मैत्रिणींनो, मारुती 800 चं उत्पादन 2014 साली थांबलं, तरी आमच्या दारात ती आहेच. मंडळाच्या कामाला मी तीच नेते.

जुन्या गाडीचा तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका. उकळतं पाणी उसळून तोंड भाजतं.

गार झाल्यावर कूलंट पाहा. कमी असेल तर कुठेतरी गळतंय. गर्दीत काटा चढतो, मोकळ्या रस्त्यावर उतरतो? पंखा फिरतोय का, दुरूनच बघा. सकाळी गार इंजिन सुरू करताच काटा टोकाला? मग बहुधा सेन्सर किंवा वायर.

गॅरेजवाला म्हणेल, ‘साहेबांना पाठवा.’ काटा कधी चढला, हे मात्र आपणच सांगायचं. उगाचचा खर्च वाचतो.