एका वेळी एकच कागद

मुद्रण व छायाप्रत यंत्रांचा विचार करताना प्रकाश, शाई वा विद्युत्भार यांकडेच सहसा लक्ष जाते. वस्तुतः चळतीतून एका वेळी नेमका एकच कागद उचलणे हेही सोपे काम नव्हे. सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे शेकडो कागद एकावर एक ठेवलेले असतात. त्यांतील वरचा तेवढा हलावा आणि खालचा जागीच राहावा, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा घर्षणाच्या तरतमभावावर अवलंबून असते. रबर व कागद यांमधील घर्षण कागदा-कागदांतील घर्षणाहून अधिक असते. त्यामुळे चळतीवर टेकलेला रबरी रूळ फिरू लागला की वरचा कागद त्याच्याबरोबर पुढे सरकतो. तथापि दुसराही ओढला जाण्याचा संभव उरतोच. म्हणून अनेक यंत्रांत पुढे रुळांची एक जोडी बसविलेली असते. वरचा रूळ कागद पुढे नेतो. खालच्यास उलट फिरविणारे बल मर्यादित ठेवलेले असते. ही मर्यादा पहिल्या घर्षणाहून कमी व दुसऱ्याहून अधिक असते. जोडीत एकच कागद आल्यास खालचा रूळही त्याच्यामागोमाग पुढे फिरतो. दोन आल्यास कागदांची आपसांतील पकड अपुरी पडून तो दुसऱ्यास मागे लोटतो.

हा तोल नाजूक असतो. रुळावर कागदाची धूळ साचली की पकड सुटते. दमट हवेत कागद एकमेकांस चिकटतात, तर अतिकोरड्या हवेत स्थिर विद्युत् तोच परिणाम घडविते. चळत फुलवून ठेवण्याची रीत यासाठीच आहे. तिने पानांमध्ये हवा शिरते.

कागद अडकल्यास यंत्र थांबते आणि दोष उघड होतो. मूळ पाने ओढून घेणाऱ्या यंत्रात दोन पाने एकदम गेली, तर मात्र ते थांबेलच असे नाही. काही स्कॅनरांत पानांतून श्रवणातीत ध्वनी पाठविला जातो. दोन पानांमधील हवेचा थर तो क्षीण करतो व त्यावरून दोष ओळखता येतो. जेथे ही सोय नाही, तेथे पान गळूनही प्रत पूर्ण भासते. पाठचिकित्सेत नक्कलकाराच्या नजरचुकीने गळलेल्या ओळींचा विचार होतो. हा दोष त्याच जातीचा होय. सलग मजकुरात वाक्याचा सांधा तुटल्याने तो ध्यानात येईल. शब्दसंग्रहाच्या सुट्या पत्रिकांत तीही खूण राहत नाही. म्हणून मूळ व प्रत यांची पाने मोजून ताडणे आणि जीर्ण पाने हातानेच काचेवर ठेवणे हा संशोधनशिस्तीचा भाग ठरतो.