चार एकरांचं कुंपण

नातेपुत्याच्या शिवारात रानडुकरांनी मका लोळवला, की पारावर कुंपणाचा हिशेब निघतो. एक एकर चौकोनी रानाला चारी बाजूंनी तार ओढायची तर साधारण 254 मीटर लागते. चार एकरांच्या चौकोनाला किती? रान चौपट झालं म्हणून तारही चौपट लागत नाही. 509 मीटरांत काम भागतं. रान चौपट, कुंपण दुप्पट. चौघा भावांनी आपापल्या एकराला वेगळं कुंपण घातलं तर हजार मीटरांच्या वर तार जाते. एकत्र राहिले तर निम्मी वाचते.

एवढाच हिशेब दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरावर मांडायला ब्रिटिश नौदलाला 1943 साल उजाडावं लागलं. तोवर हजारो जहाजं तळाला गेली होती.

नातेपुत्याहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी दीडशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे. म्हणून ते आकडे आपण आपल्या मापानं मोजू. माप म्हणून उसाचा ट्रॅक्टर घ्या. दोन ट्रॉल्या लावल्या की अंदाजे वीस टन ऊस ओढतो, असं धरू. ब्रिटन हे बेट. युद्धापूर्वी तिथं वर्षाला सुमारे साडेपाच कोटी टन माल जहाजांनी येत असे. म्हणजे आपल्या ट्रॅक्टरच्या साडेसत्तावीस लाख खेपा. दिवसाला साडेसात हजार. रात्र नाही, दिवस नाही, सण नाही, दर साडेअकरा सेकंदांना एक ट्रॅक्टर दारात उभा राहायला हवा. 1942 साली ही आयात निम्म्याच्याही खाली घसरली.

घसरण्याचं मोठं कारण पाण्याखाली होतं. त्या एका वर्षात शत्रूच्या पाणबुड्यांनी मित्रराष्ट्रांकडची 1,160 व्यापारी जहाजं बुडवली. दिवसाला तीनांहून जास्त, वर्षभर. अमेरिकेनं उत्तर म्हणून ‘लिबर्टी’ जातीची जहाजं साच्यातून काढल्यासारखी बांधली, एकूण 2,710. प्रत्येकात सुमारे दहा हजार टन माल मावे, म्हणजे आपले पाचशे ट्रॅक्टर. सरासरी दीड महिन्यात एक जहाज तयार होई. हौसेनं केलेल्या विक्रमात तर एक जहाज पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरलं. पण बुडणाऱ्यापेक्षा जास्त बांधायचं, हा काही बचाव नव्हे. बचाव होता तो ताफ्यात. जहाजांनी एकत्र जायचं आणि भोवती युद्धनौकांनी कडं करायचं.

ताफा कसा चाले, हे पालखीच्या वाटेवरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ज्ञानोबांच्या पालखीत रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि रथामागे शेकडो. प्रत्येकीला नंबर, आणि नंबर सोडून कुणी चालत नाही. ताफ्यातही तसंच. शेजारी शेजारी रांगा, दर रांगेत ठरलेली जागा. सहाव्या रांगेतलं तिसरं जहाज म्हणजे 63 नंबर. स्फोटकांची आणि तेलाची जहाजं मध्ये घालत. रात्री दिवे बंद. सगळ्यांचा वेग सर्वांत सावकाश जहाजाएवढा. मंद ताफ्याचा वेग सात नॉट, म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. सायकलवरून दूध घालणारा माणूस त्याच्या पुढे जाईल. या वेगानं अटलांटिक ओलांडायला दोन आठवडे लागत.

आता सगळ्यांत मोठा ताफा बघा. 17 जुलै 1944 रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या या ताफ्याचं नाव एचएक्स-300. त्यात 166 व्यापारी जहाजं होती, एकोणीस रांगांत. दोन रांगांमध्ये हजार यार्डांचं अंतर धरलं, तर नुसती रुंदीच सोळा किलोमीटर भरते. एक टोक नातेपुत्यात ठेवलं तर दुसरं माळशिरसच्या जवळ. पोटात दहा लाख टनांहून जास्त माल. म्हणजे पन्नास हजार ट्रॅक्टर. एकामागे एक, वीस-वीस मीटर धरून उभे केले तर हजार किलोमीटरांची रांग होते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरांचा आहे. तो पुरा भरेल आणि तीनशे किलोमीटर रांग बाहेर राहील.

भर समुद्रात या पसाऱ्याच्या राखणीला फक्त सात कॅनेडियन युद्धनौका होत्या. आणि एकही जहाज न गमावता ताफा पोचला.

आधीची समजूत अशी होती, की मोठा ताफा म्हणजे मोठं सावज. पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटानं जुन्या नोंदी काढून पाहिल्यावर उलटंच दिसलं. सरासरी 32 जहाजांच्या लहान ताफ्यांत शेकडा अडीच जहाजं बुडत होती, तर सरासरी 54 जहाजांच्या मोठ्या ताफ्यांत शेकडा 1.1. कारण तेच, कुंपणाचं. जहाजं वाढली तरी राखायचा घेर त्या मानानं वाढत नाही, म्हणून तेवढ्याच युद्धनौका पुरतात. दुसरं, अफाट समुद्रात ताफा सापडण्याची शक्यता एकट्या जहाजापेक्षा थोडीशीच जास्त. चाळीस जहाजं विखुरली तर पाणबुडीला चाळीस संधी, एकत्र गेली तर एक. आणि तिसरं, ताफा सापडला तरी पाणबुडी बुडवून बुडवणार किती? तिच्याकडचे टॉर्पेडो आणि वेळ ताफ्याच्या आकाराबरोबर वाढत नाहीत. या ब्लॅकेटना 1948 साली नोबेल मिळालं. संरक्षणातल्या विज्ञानाबाबत पंडित नेहरूंनी युद्धानंतर त्यांचाच सल्ला घेतला.

मे 1943 मध्ये पारडं फिरलं. त्या एका महिन्यात जर्मनीच्या 41 पाणबुड्या गेल्या. युद्ध संपेतो 783 गेल्या, आणि त्यांवरच्या सुमारे चाळीस हजार माणसांपैकी तीस हजार परतली नाहीत. चारातली तीन. शिकारी व्हायचीही किंमत होती.

अरबी समुद्राच्या वाट्याला मात्र युद्धनौका आल्याच कमी. तिथं पुष्कळ जहाजं एकटीच जात. ‘तिलावा’ अशीच 20 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून मोंबासाकडे निघाली. जहाजावर 958 माणसं, बरीचशी आफ्रिकेत पोट भरायला गेलेली कुटुंबं, आणि पोटात चांदीच्या 2,364 विटा. 23 तारखेच्या पहाटे, अंधारात, आय-29 या जपानी पाणबुडीचा पहिला टॉर्पेडो लागला. लोक होड्यांत उतरले. जहाज तरंगत राहिलेलं पाहून काहीजण परत चढले, तोच दुसरा लागला. 280 माणसं गेली. वाचलेल्या 678 जणांना घेऊन सुटकेच्या बोटी 27 तारखेला मुंबईला लागल्या.

एकटं असणं धोक्याचं, एवढंच म्हणून थांबलो तर मात्र हिशेब अर्धवट राहील. 12 फेब्रुवारी 1944 रोजी मालदीवजवळ ‘खेदिव्ह इस्माईल’ हे जहाज ताफ्यात होतं, भोवती युद्धनौका होत्या. तरी आय-27 नं गाठलं. दोन मिनिटांच्या आत जहाज दिसेनासं झालं, आणि 1,511 माणसांतली 1,297 गेली. शेकडेवारी ताफ्याची असते. एका जहाजाला शेकडेवारी नसते. ते एक तर पोचतं, नाही तर पोचत नाही.

आणि जहाजात कोण होतं? युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून जास्त भारतीय होते. चार खलाशांतला एक आपल्याकडचा. डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि त्यांचे सारंग, स्वयंपाकघरात गोव्याचे, बॉयलरपाशी पंजाब आणि सिल्हेटचे आगवाले. गोरा खलाशी घेई त्याच्या लहानशा हिश्शात हेच काम. 1939 साली युद्ध सुरू होताच त्यांनी बंदराबंदरांत पगारवाढीसाठी काम बंद ठेवलं, आणि शेकडो जण तुरुंगात गेले. सुटल्यावर जहाजावरच गेले. दुसरं पोट कुठं होतं? सहा वर्षांत सहा हजारांहून जास्त भारतीय खलाशी मेले. बहुतेकांना कबर नाही, चिता नाही. मुंबईत मस्जिद बंदरला, भारतीय खलाशांसाठीच्या घरात, त्यांची नावं लिहिलेली वही आहे.

नातेपुत्यात पालखी उतरते त्या संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो, सारा तळ गप्प होतो, आणि कुणाचं काय हरवलं ते मोठ्यानं सांगितलं जातं. तांब्या, टाळ, पिशवी, कधी सोबतचं माणूस. लाखांच्या त्या घोळक्यात एका तांब्याचाही उच्चार होतो.

ताफ्यातही रोज पहाटे मोजणी व्हायची. मोजायची जहाजं.