सल्ला देणाऱ्याचे हात मातीत हवेत

इंदूर म्हटले की मराठी मनापुढे प्रथम उभ्या राहतात त्या अहल्यादेवी. मग होळकरांचा राजवाडा, सराफ्यातील खाद्यपदार्थ आणि शहराच्या पश्चिम अंगास जिच्या नावाने सबंध वस्ती ओळखली जाते ती अन्नपूर्णा. हाती पळी घेऊन जगाला वाढणाऱ्या या देवतेची आणखी एक उपासना याच शहरात शंभर वर्षांपूर्वी सुरू झाली. तिची आठवण मात्र क्वचितच निघते. ती उपासना मंत्रांची नव्हती, खताची होती. शेतीसल्लागारांच्या प्रशिक्षणाचे वारे आज देशभर वाहत असताना तिचा अर्थ समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९२४ साली इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी व मध्यवर्ती कापूस समितीने खर्चाला हातभार लावला. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. १९०५ साली बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आलेल्या या इंग्रजाने तेथे एक विलक्षण गोष्ट पाहिली. भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी कोणतेही औषध न वापरता निरोगी पिके काढीत होते. साहेबाने वहाणा बाहेर काढून ठेवल्या, असेच म्हणावयास हवे. शेतकरी आणि पिकांवरील किडी हेच आपले खरे अध्यापक, असे त्याने ठरविले आणि पुढे आपल्या ग्रंथांत ते मोकळेपणाने लिहूनही ठेवले.

या शिष्यत्वाचे फळ म्हणजे ‘इंदूर पद्धत’. शेतातील काडीकचरा, गोठ्यातील गवत, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचावयाचे, ठरावीक अंतराने ते वरखाली करावयाचे, आणि सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत हाती घ्यावयाचे. कापसाच्या टणक पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या वाटेवर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरून घेत. या कामाची हकिकत १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने नाव होते यशवंत वाड या त्यांच्या रसायनशास्त्री सहकाऱ्याचे. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आलेले महात्माजीही हा प्रयोग आवर्जून पाहून गेले. पुढे इंग्लंड-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची जी चळवळ उभी राहिली, तिची मुळे बव्हंशी या मातीत आहेत.

परंतु आमच्या मते इंदूरचा खरा धडा खताचा नाही. तो शिक्षणाचा आहे. पुसा येथे हॉवर्ड यांनी स्वतःच्या हाताखाली शेत असावे असा हट्ट धरला होता. आपण स्वतः पाळून पाहिला नाही तो सल्ला दुसऱ्यास देऊ नये, हा त्यामागील विचार. एकाने माती पाहावी, दुसऱ्याने कीड, तिसऱ्याने बियाणे, आणि संबंध पीक मात्र कोणीच पाहू नये, अशा तुकड्यातुकड्यांच्या विद्येचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

आज चित्र काय आहे? १९७४ साली पाँडिचेरीत पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. आता अशी केंद्रे सातशेहून अधिक आहेत. २००३ साली हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने खते, बियाणे व औषधे विकणाऱ्या दुकानदारांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली. शेतकरी अडचणीत सापडला की प्रथम दुकानाचीच पायरी चढतो, हे ओळखूनच ती काढली गेली. दुकानदार शिकला तर चांगलेच. त्याला नावे ठेवण्याचे आम्हांस कारण नाही. पण ज्याचे पोट गोणीच्या खपावर अवलंबून आहे, त्याने ‘यंदा गोणी नको’ असे सांगावे, ही अपेक्षा मनुष्यस्वभावास धरून आहे काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नैसर्गिक शेतीचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. एक कोटी शेतकरी, साडेसात लाख हेक्टर जमीन आणि गावोगाव फिरणाऱ्या ३०,००० कृषिसखी, असा त्याचा पसारा. संकल्प स्तुत्य आहे. तथापि चार दिवसांचे व्याख्यान, एक प्रमाणपत्र आणि एक छायाचित्र यांवर ही मंडळी शेतात उतरणार असतील, तर शेतकरी त्यांचे ऐकून घेईल आणि आपलेच करील. त्यात त्याचा दोष नसेल.

आपल्या गोमंतकापुरते पाहावयाचे तर हा प्रश्न अधिकच बिकट आहे. सुमारे १८,००० हेक्टर खाजनांचे शास्त्र कोणत्याही परप्रांतीय पाठ्यपुस्तकात सापडावयाचे नाही. भरतीच्या वेळी मानस केव्हा मिटते, बांधाला चिखल कोणता लागतो, खाऱ्या मातीत कोरगूट कसा तग धरतो, हे जाणणारी पिढी थकत चालली आहे. सुळकर्ण येथे २०१५ साली गोव्यातील पहिले कृषी महाविद्यालय निघाले. जुने गोवे येथे संशोधन संस्था आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी या वृद्धांच्या बांधावर निदान एक पावसाळा काढला नाही, तर ही विद्या त्यांच्याबरोबरच जाईल आणि मग कितीही पदव्या दिल्या तरी ती परत मिळणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रमाणपत्रापूर्वी प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने एक संपूर्ण हंगाम जमिनीचा तुकडा स्वतः कसावा आणि त्याचा जमाखर्च मांडावा. जाणत्या शेतकऱ्यास शिक्षक म्हणून नेमावे आणि त्याचे मानधन द्यावे. सत्काराच्या शालीने भागवू नये. सल्लागाराचे मूल्यमापन किती मेळावे भरविले यावर न होता, त्याच्या गावातील मातीचा कस वाढला की घटला यावर व्हावे.

आणि यासाठी शिक्षणसंस्थांकडे जमीन राहिली पाहिजे. हॉवर्ड यांच्या त्याच मळ्यावर आज इंदूरचे कृषी महाविद्यालय उभे आहे. शहर वाढले, भोवतालच्या जागेस सोन्याचा भाव आला. तेथील जमीन अन्य कामासाठी घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा २०२२ साली विद्यार्थ्यांना धरणे धरावे लागले. शेतीचे शिक्षण हवे, पण शेत नको, असा हा न्याय आहे. अन्नपूर्णेच्या हातची पळी रिकामी राहू नये असे वाटत असेल, तर तिच्या सेवकांच्या पायाखालची माती आधी शाबूत ठेवावी लागेल.