सुगंधाने खाज जात नाही

पिंपरीत जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतची ‘एच. ए. कंपनी’, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभी राहिली. तिचे नाव पेनिसिलिनशी जोडले गेले. तिथल्या प्रयोगशाळेचे दुसरे एक काम मात्र फारसे कोणाला आठवत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिवाणूपासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीविरोधी औषध मिळवले. त्या जिवाणूचे नाव ठेवले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’, थेट पिंपरीवरून. योनिमार्गात होणाऱ्या बुरशीच्या संसर्गावर हे औषध वापरले गेले.

आज त्याच पिंपरीत, किंवा भोसरीत, चाकणमध्ये, एखाद्या बाईला खाज सुटली किंवा अंगावरून पांढरे जाऊ लागले, की ती मेडिकलमधून बहुधा औषध आणत नाही. ती आणते गुलाबी बाटलीतला ‘इंटिमेट वॉश’. डॉक्टरकडे जायची लाज वाटते, रजा टाकली तर पगार कापला जातो, आणि बाटलीवर तर ‘दिवसभर ताजेपणा’ लिहिलेलेच असते. गफलत इथेच होते. बाटली हे सौंदर्यप्रसाधन आहे. तिने संसर्ग बरा होत नाही.

मुळात योनिमार्ग आतून धुण्याची गरजच नसते. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू राहतात. दह्यातल्या जिवाणूंचे हे भाऊबंदच. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यामुळे आतला सामू साधारण 3.8 ते 4.5 इतका, म्हणजे आम्लधर्मी राहतो. या आंबटपणात रोगजंतूंना वाढता येत नाही. अंगाच्या साबणाच्या वडीचा सामू 9 ते 10 च्या घरात असतो. साबण, जंतुनाशक द्रव, लिंबू, व्हिनेगर किंवा नळीने पाण्याचा फवारा आत नेला, की रोगजंतूंआधी हे राखणदारच मरतात. वरचेवर आतून धुणाऱ्या स्त्रियांमध्ये जिवाणूंचा संसर्ग अधिक आढळतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. बाहेरच्या भागाला साधे पाणी पुरते. साबण हवाच असेल तर सौम्य, बिनवासाचा आणि फक्त बाहेरून.

‘सामू 3.5’ छापलेली वॉशची बाटली मग चांगली का? बाहेरच्या त्वचेला ती साबणापेक्षा कमी कोरडी पाडेल, एवढेच. न घेतल्याने काही बिघडत नाही. घ्यायचीच असेल तर घटकांची यादी, परवाना क्रमांक आणि मुदत बघावी. यादीत सुगंध असेल तर बाटली परत ठेवावी. ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ या शब्दांवर फार विसंबू नये. काय तपासले आणि किती जणींवर, हे पुड्यावर कुठेच नसते. पावडरही त्या भागात नको. टाल्क ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2024 मध्ये जाहीर केले आहे.

पाळीच्या पॅडबाबत प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे वस्तू लागतेच. कंपनीची बस पहाटे निघते, शिफ्ट आठ तासांची, परतायला आणखी तास-दीड तास. एकच पॅड तेवढा वेळ राहते. घाम, ओल आणि घर्षण यांनी मांड्यांना चट्टे पडतात आणि दोष ब्रँडवर जातो. चार ते सहा तासांनी पॅड बदलणे हे महागड्या पॅडपेक्षा महत्त्वाचे. त्यासाठी लाइनवरून उठता यावे आणि स्वच्छतागृहात पाणी आणि झाकणाची कचरापेटी असावी, हे पाहणे व्यवस्थापनाचे काम आहे.

पॅड निवडताना सुगंधी नको, पृष्ठभाग मऊ हवा, पाकीट बंद हवे. दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ संस्थेने 2022 मध्ये दहा पॅडची तपासणी केली, तेव्हा सगळ्यांत थॅलेट हे रसायन सापडले. त्यांत ‘ऑरगॅनिक’ म्हणवणारेही होते. म्हणून घाबरून पॅड टाकून द्यावेत असे नाही. पण ‘नैसर्गिक’ या शब्दाला दुप्पट पैसे मोजण्याचेही कारण नाही. जनऔषधी केंद्रात 2019 पासून ‘सुविधा’ पॅड एक रुपयाला मिळते. सुती कापडही चालते, फक्त ते साबणाने धुऊन उन्हात वाळायला हवे. चाळीच्या खोलीत टॉवेलखाली लपवून वाळवलेले ओलसर कापड त्रासच देते. मेन्स्ट्रुअल कप वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा घ्यावा, पाळीआधी उकळावा, बारा तासांच्या आत रिकामा करावा. टॅम्पॉन आठ तासांहून अधिक ठेवू नये; क्वचित का होईना, त्यातून जीवघेणा विषारी संसर्ग होतो. रोज पँटी लायनर लावून बसण्याची सवय मात्र सोडलेली बरी.

पाळीच्या चक्रानुसार थोडा पातळ, पांढरट स्राव जाणे नैसर्गिक आहे. दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव आणि तीव्र खाज असेल तर बुरशीची शंका येते. माशासारखा वास आणि करडा स्राव असेल तर जिवाणूंचे संतुलन बिघडलेले असते. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास; त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर आजार फिरून येतो. तिघांची औषधे वेगळी आहेत. काउंटरवरून मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे खाज दोन दिवस दाबतात आणि बुरशी पसरते. बुरशी वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. कित्येकींचा मधुमेह असाच कळतो.

सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. गरोदरपणात स्राव बदलला, किंवा स्रावासोबत ताप आणि ओटीपोटात दुखणे असेल, तर लगेच जावे. पाळी कायमची गेल्यानंतर एक थेंबही लाल दिसला, तर वॉश, पॅड, मलम हे सगळे बाजूला ठेवून त्याच आठवड्यात गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी.