पोळी म्हणता की चपाती?

कणकेच्या त्याच गोल लाटलेल्या प्रकाराला तुम्ही काय म्हणता, यावरून पुण्यात समोरचा तुमचं घराणं आणि बहुतेकदा जातही ताडून मोकळा होतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुजन घरांत ती चपाती. पोळी म्हणजे पुरणाची, सणाची. शाळेत कुणी ‘डब्यात पोळी आणलीय’ म्हणालं, की अशा घरातलं पोरगं पुरणाचा वास शोधायचं. विदर्भात मात्र सरसकट पोळीच म्हणतात, त्यामुळे नागपूरकराबाबत हा अंदाज सपशेल फसतो.

अर्थात हा वादच भरल्या पोटाचा. दोन पिढ्यांपूर्वी सोलापूर-मराठवाड्यातल्या साध्या घरात गहू निघायचा तो सणाला, नाहीतर पाहुण्यासाठी. रोजची ज्वारीची भाकरी. जावयापुढे ती ठेवायला सासू लाजायची.

लाजायचं कशाला, असा प्रश्न पडतो, कारण कसब भाकरीलाच जास्त लागतं. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणून पीठ ताणलं जात नाही. एका भाकरीपुरतं पीठ घेऊन तळहाताने रगडून मळायचं, परातीत थापत गोल फिरवायचं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. मग चुलीतल्या आरावर धरली की टम्म फुगते, पापुद्रा सुटतो. चपाती बिघडली तर नकाशा होतो, एवढंच. भाकरी बिघडली तर हातातच तुटते.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो आला. ज्यांनी त्याची भाकरी खाल्ली, ते आजही तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, ती मात्र पोरांना आवडायची. संकरित ज्वारीने कोठारं भरली, पण चवीची बोलणीही खाल्ली. खेड्यात नाजूक पोराला म्हातारी माणसं अजून ‘हायब्रीड’ म्हणतात. पुढे रेशनचा गहू घरोघरी पोचला आणि चपाती रोजची झाली.

आता चाक उलटं फिरलंय. मधुमेहाचे डॉक्टर भाकरी सांगतात, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, आणि हायवेवरच्या ‘गावरान’ हॉटेलात पिठलं-भाकरी-ठेचा ऐटीत मिळतो.

पण भाकरीबरोबरचं सगळंच काही वर आलेलं नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचं खाणं लिहिलं: वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती, वजडी. पुस्तकाचं नावच ‘पूर्णब्रह्म’ म्हणत जेवायला बसणाऱ्यांना काढलेला चिमटा आहे. प्रतिष्ठित पाकपुस्तकांनी या पदार्थांना कधी दारात उभं केलं नाही. गावरान हॉटेलात कंदील टांगलेला असतो, बैलगाडीचं चाक भिंतीला टेकवलेलं असतं, ठेचा खलबत्त्यातच वाढतात. चान्या मागून बघा.